कुसुमअक्कांची लाइन

कुसुमअक्का फोन उचलल्यावर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. ‘बोला’ म्हणायच्या. तेही उभ्या राहून. फोनशेजारी खुर्ची होती, पण तिच्यावर बसून त्या फोनवर बोलल्याचं मला आठवत नाही. डावा कान पदराबाहेर काढायचा, रिसीव्हर त्याला टेकवायचा आणि ‘बोला’. पलीकडचा माणूस हवापाण्याचं सुरू करी. त्या थोडा वेळ ऐकून घेत आणि मग विचारत, “झालं?”

समोर बसलेल्या माणसालाही त्या असंच विचारत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्या पहिल्याच दिवशी पाण्याच्या वेळा, मोरीचा उतार, माझी पॉलिटेक्निकमधली शिकवण्याची नोकरी आणि माझ्या गावाकडची माणसं असं बरंच काही मी बोलत होतो. अक्का गॅलरीच्या कठड्याला टेकून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “झालं? मग किल्ली घ्या.” मला राग आला होता. पुढे कळलं की त्यांनी आयुष्याची ऐन वर्षं धुळ्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली होती, आणि ‘तीन मिनिटं झाली, वाढवू?’ हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हटलं होतं की तीन मिनिटांच्या पलीकडे कुणी बोललं की त्यांचा हात लाइन तोडायला आपोआप बोर्डावरच्या कॉर्डकडे जायचा. जळगावच्या घरात कॉर्ड नव्हती, म्हणून हात पदराकडे जायचा.

धुळ्याच्या दिवसांबद्दल त्या स्वतः फारसं सांगत नसत. सांगायचे ते नाना, त्यांचे यजमान. नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. मूळचे भडगावचे. बोलायला मऊ, चालायला सावकाश. बायकोबद्दल बोलताना त्यांचा आवाज थोडा अभिमानाचा आणि थोडा तक्रारीचा असे. “हिच्या कानामुळे माझी बदली झाली,” असं ते म्हणायचे, आणि मग ती गोष्ट सांगायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्याच्या तार ऑफिसात खाली बूथ होता आणि वर ऑपरेटरांचा बोर्ड. एक म्हातारा दर आठवड्याच्या बाजाराला खेड्यातून यायचा आणि सुरतेला दिलेल्या आपल्या मुलीला फोन लावून मागायचा. दर वेळी सासरचं कुणीतरी सांगे, ती बाहेर गेली आहे, झोपली आहे, माडीवर आहे. म्हातारा ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देई. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं, हा पहिला नियम. पण लाइन जोडली गेली का हे बघायला कान द्यावाच लागतो. त्या दिवशी अक्कांनी कान दिला तेव्हा सासरा सांगत होता, “ती देवळात गेलीय,” आणि त्याच्या मागून एक पोरगी ओरडत होती, “आबा, मी इथंच शे.” मग काहीतरी आपटल्याचा आवाज. लाइन तुटली.

म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. तो बूथमधून बाहेर पडून धोतराचा सोगा सावरत निघाला होता. अक्कांनी हेडफोन काढून बोर्डावर ठेवला, शेजारणीला ‘बघ गं’ म्हणाल्या आणि जिना उतरून त्याला फाटकात गाठलं. म्हणाल्या, “आबा, पोर घरमाच शे. आजच निंघा.”

म्हातारा त्याच दिवशी निघाला. पोरीला घेऊन आला. पोरीच्या पाठीवर काय होतं ते नाना सांगायचे, मी लिहीत नाही. सासरचे लोक वजनदार होते. ऑपरेटरनं चोरून ऐकलं म्हणून त्यांनी वरपर्यंत तक्रार केली. चौकशी लागली. साहेबानं अक्कांना सुचवलं, लिहून द्या की तुम्ही काही ऐकलंच नाही, म्हातारा आपल्या मनानं गेला. अक्कांनी लिहून दिलं की ऐकलं आणि सांगितलं. त्यांची पगारवाढ रोखली आणि बदली जळगावला झाली. नाना वर्षभर धुळे-जळगाव एसटीनं ये-जा करत होते. मग त्यांनीही जळगावला बदली करून घेतली.

मी एकदा अक्कांजवळ हा विषय काढला. त्या तांदूळ निवडत होत्या. “नियम मोडला तो मोडला,” म्हणाल्या. “त्याची गोष्ट कशाला करायची?”

जळगावला काही वर्षांतच एक्स्चेंज स्वयंचलित झालं. लोक आपले आपण एसटीडी लावायला लागले. अक्का तक्रारींच्या टेबलावर गेल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. बोर्ड गेला याचं त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्या म्हणायच्या एवढंच, “आता लोकांना लोक लागत नाहीत मध्ये.”

त्यांचा एकुलता मुलगा प्रमोद. तो माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात होता. आईसारखाच कमी बोलणारा, पण हसरा. शहाण्णवच्या सुमाराला त्यानं घरात एक उद्योग सुरू केला. परदेशातल्या विद्यापीठांच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर फुकट वाटायची सॉफ्टवेअर ठेवलेली असत. त्याचा पुण्यातला एक मित्र ती उतरवून घेऊन सीडीवर पाठवी. प्रमोद ती जशीच्या तशी आपल्या मशीनवर ठेवी. ज्याच्याकडे कॉम्प्युटर, मोडेम आणि फोन आहे त्यानं प्रमोदच्या घरचा नंबर फिरवायचा, दोन यंत्रं एकमेकांशी बोलणार, आणि हवं ते सॉफ्टवेअर तारेवरून त्याच्याकडे उतरणार. पैसे नाहीत, वर्गणी नाही. मुळात आहे त्याची हुबेहूब नक्कल, म्हणून याला मिरर म्हणतात, असं त्यानं आईला समजावलं.

“आरशात बघायला लोक एसटीडी करतील?” अक्का म्हणाल्या.

लोक करायला लागले. धुळ्याचे क्लासवाले, अमळनेरचा एक केमिस्ट, भुसावळची कॉलेजची पोरं, तिथून जवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रातले एक इंजिनियर. तोंडातोंडी नंबर पसरला. अडचण एकच होती. घरात लाइन एक. एक जण जोडला गेला की बाकी सगळ्यांना एंगेज. चार घंट्यांत कुणी फोन उचलला नाही की मोडेम शिट्टी मारल्यासारखा, मग खरवडल्यासारखा आवाज काढी, त्यावरचा लाल दिवा लागे, आणि तो दिवा विझेपर्यंत ते घर जगाला बंद. नानांच्या भडगावच्या भावाला दोन-दोन दिवस फोन लागत नसे. नानांना तो आवाजच सहन होत नसे. मोडेम सुरू झाला की ते चपला घालून कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाऊन येत.

अक्कांचा राग वेगळा होता. एक दिवस मी खाली गेलो तर मायलेकांचं चाललं होतं. भुसावळच्या एका पोरानं अख्खा रविवार लाइन धरून ठेवली होती आणि लाइन मोकळी झाल्यावर धुळ्याच्या माणसाचा निरोप येऊन पडला होता की सकाळपासून लावत होतो, लागत नव्हता.

“एकानंच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी ताटकळायचं, ही कुठली रीत?” अक्का म्हणाल्या.

“अगं, त्याची फाइल मोठी होती.”

“प्रत्येकाची मोठीच असते. वेळ ठरव. झाली वेळ की तोड, परत लाव म्हणावं. आणि संध्याकाळी सहा ते सात लाइन घरची. तेव्हा कुणी नाही.”

प्रमोदनं हसत हसत तसं करून टाकलं. पाऊण तासाची मर्यादा आणि सहा ते सात बंद. त्यानंतर अक्कांचं त्या यंत्राशी काही वैर राहिलं नाही. उलट कधी पाऊण तास व्हायला आला आणि दिवा अजून लागलेलाच असला तर त्या स्वयंपाकघरातून वाकून बघायच्या. लाइन चालू असताना त्या फोनचा रिसीव्हर चुकूनही उचलत नसत, कारण उचलला की पलीकडच्याचं सगळं उतरलेलं वाया जातं हे त्यांना कळलं होतं. “चालू कॉल तोडायचा नसतो,” एवढंच त्या म्हणत.

पुढच्या वर्षीच्या आखाजीची गोष्ट.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण, भर वैशाखातला. माहेरवाशिणी, झोके, आमरस. दीपनगरच्या त्या इंजिनियरांचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि सुट्टी म्हणून प्रमोद सकाळीच स्कूटरवर तिकडे गेला होता. जेवायला येतो म्हणाला होता. अक्कांनी सकाळपासून खापरावर मांडे केले होते, मलाही खाली जेवायला सांगितलं होतं. दुपार टळायला लागली तरी प्रमोद आला नाही. आम्ही पंख्याखाली बसून होतो. मोडेमचा दिवा लागलेला होता. अक्कांना बहिणीला फोन करायचा होता, त्या दोनदा येऊन दिव्याकडे बघून गेल्या.

“आज याची मर्यादा कुठे गेली?” दुसऱ्यांदा म्हणाल्या. “येऊ दे त्याला.”

त्यानंतर बऱ्याच वेळानं एक माणूस सायकलवर आला. हायवेलगतच्या एका दवाखान्याचा वॉर्डबॉय होता. नशिराबादजवळ एका टँकरनं स्कूटरला उडवलं होतं. लोकांनी टेंपोत घालून जळगावला आणलं होतं. “लवकर चला,” एवढंच तो म्हणाला.

आम्ही तिघं रिक्षानं गेलो. प्रमोद गेलेला होता. फार वेळ झाला नव्हता.

काउंटरवरची सिस्टर तरुण होती. तिनं दुखवायला म्हणून काही सांगितलं नाही, फक्त तिला वाटलं की आपली चूक नाही हे घरच्यांना कळावं. ती म्हणाली, “आम्ही सारखा नंबर लावत होतो. एंगेज येत होता. त्यांनी स्वतःच नंबर सांगितला. दोनदा सांगितला. शुद्धीवर होते बराच वेळ.”

नाना भिंतीला पाठ लावून खाली बसले. अक्का उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, “काय म्हणत होता?”

“आई येते का, असं विचारत होते,” सिस्टर म्हणाली.

अक्कांनी मान हलवली, जणू एखादा निरोप नीट मिळाला.

घरी परतल्यावर मी सगळ्यात आधी मोडेमची वायर काढली. दिवा तेव्हा विझलेलाच होता.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. माणसं गेली आणि मग फोन वाजायला लागला. अक्का उचलायच्या, ‘बोला’ म्हणायच्या, आणि पलीकडून मोडेमची ती शिट्टी यायची. दुसरं कुणी असतं तर लगेच ठेवून दिला असता. त्या ती शिट्टी थकून थांबेपर्यंत ऐकत उभ्या राहायच्या. एक दिवस त्या जिना चढून वर आल्या. मी तिथं राहिलो त्या सात वर्षांत त्या वर आल्याचं मला तेवढंच आठवतं.

“सर, ते चालू करून द्या.”

“अक्का, कशाला आता?”

“लोक लावताहेत. कुणाला काही माहीत नाही.”

मी खाली जाऊन वायर जोडली. नाना आतल्या खोलीत होते. यंत्र सुरू झाल्याचा आवाज ऐकून ते दारात आले, आमच्या दोघांकडे बघितलं आणि आत गेले. जोडल्या गेलेल्या माणसाला सुरुवातीला जी पाटी दिसते, तिच्यावर अक्कांना लिहून हवं होतं. मी इंग्रजीत लिहिलं की हे चालवणारे प्रमोद सोनवणे आता आपल्यात नाहीत. त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला.

“आपल्यात नाहीत म्हणजे? बदली झाली असंही वाटेल कुणाला. वारला म्हणून लिहा. आखाजीला अपघातात वारला. लोक वाट बघत बसतात, सर. वाट बघायला लावू नये.”

मी तसं लिहिलं.

मग निरोप यायला लागले. यंत्रात निरोप ठेवायची सोय होती. धुळ्याच्या माणसानं लिहिलं, अमळनेरच्या केमिस्टनं लिहिलं. मी वाचून दाखवी, अक्का उभ्यानं ऐकत. कधी रडल्या नाहीत. एक बदल मात्र मला दिसला. त्या आता कुणालाही ‘झालं?’ विचारत नव्हत्या. शेजारच्या बाईनं सुनेचं गाऱ्हाणं दुपारभर सांगितलं तरी त्या ऐकत बसत. ऐकत होत्या की नाही, माहीत नाही. न्हाणीघरात गेल्या तरी दार लोटत फक्त, कडी लावत नसत. फोन वाजलेला कळायला हवा.

नाना त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. मला एकदा कोपऱ्यावर भेटले. म्हणाले, “सर, माझा पोरगा तिकडे नंबर सांगतोय आणि इकडे ते किरकिरतंय. रोज तोच आवाज मला घरात ऐकायचा? तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही तिला सांगा.”

मी सांगितलं नाही. कुणाच्या बाजूनं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

त्याच वर्षी थंडीत एक पोरगा आला. अंगानं काटक, पायात रबरी चपला, हातात पेढ्यांचा पुडा आणि पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. ओसरीवर मी आणि नाना पेपर वाचत बसलो होतो. त्यानं विचारलं, “प्रमोदभाऊ इथंच राहतात ना? मी रमेश गावित. साक्रीहून आलो.”

मी अक्कांना हाक मारली. त्या बाहेर आल्या, पोराकडे बघितलं. तो पाया पडला.

“प्रमोद आखाजीला वारला,” अक्का म्हणाल्या. “अपघात झाला. बस.”

तो बसला नाही. पेढ्यांचा पुडा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. नंतर बसला. अक्कांनी पाणी आणून दिलं. मग तो आपणहून सांगायला लागला. साक्रीला त्याच्या मामाचा एसटीडी बूथ होता, तिथं एक जुना कॉम्प्युटर होता. त्याला प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर विकत घेणं शक्यच नव्हतं. प्रमोदच्या यंत्रावर ते फुकट मिळत होतं, पण फार मोठं. पाऊण तासात उतरत नसे, आणि साक्रीची लाइन अशी की मध्येच तुटून परत पहिल्यापासून.

“मी भाऊंना निरोप ठेवला होता. त्यांनी उत्तर दिलं,” तो म्हणाला. “म्हणाले, आखाजीला कर. सणाची गर्दी नसते. मी त्या दिवशी तुझ्यापुरती मर्यादा काढून ठेवतो. मामा सणाला गावी गेला होता, बूथवर मी एकटा. दुपारभर लावून बसलो. अडीच-तीन तास लागले असतील, पण एकदाही तुटली नाही लाइन. बिल बघून मामानं शिव्या दिल्या, परत लावू दिलं नाही. पण त्याच्यावरच शिकलो मी. आता नाशिकला नोकरी लागली. पहिलं भाऊंना सांगायचं म्हणून…”

बोलता बोलता तो थांबला. अक्का त्याला काय म्हणाल्या होत्या ते त्याला आत्ता ऐकू आलं असावं. “आखाजीला?” तो म्हणाला. “किती वाजता?”

मी नानांकडे बघितलं. त्यांच्या हातातला पेपर तसाच होता.

“सकाळी,” अक्का म्हणाल्या. “सकाळीच गेला. तू लाइन लावलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.”

अक्कांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

पोराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो रडायला लागला, पण ते माणसासाठीचं सरळ रडणं होतं. अक्कांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. त्याच्याजवळ बसून वाढलं. कुठे राहणार, नाशिकला खोली मिळाली का, घरी कोण असतं, सगळं विचारलं. जाताना पुडा देव्हाऱ्यापुढे ठेवून घेतला आणि त्याला एसटीपर्यंत सोडायला मला पाठवलं.

मी परत आलो तेव्हा नानांचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. घरात ते अहिराणीतच बोलत.

“ज्यानी लाइन धरी ठेवी, त्याले तू ताट वाढं.”

“लाइन परमोदनी दियेल व्हती,” अक्का म्हणाल्या. “त्याना हातनी दियेल. मी कशी काढी लेऊ?”

“मना पोऱ्या मरी ऱ्हायंता तवय…”

थोड्या वेळानं नाना एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आले. मला म्हणाले, “भडगावला जातो. भावाकडे.” मला वाटलं चार दिवसांनी येतील. ते आले नाहीत. महिन्याकाठी भाऊ येऊन त्यांचे कपडे, औषधं नेत होता. अक्का पिशवी भरून तयार ठेवत. नानांच्या बंड्यांची बटणं तपासून, सैल झालेली पक्की करून.

पुढची दीड-दोन वर्षं अक्का आणि ते यंत्र अशी दोघंच त्या घरात होती. सुरुवातीला वर्दळ चांगली होती, एका वेळी एक, पण दिवसभर कुणी ना कुणी. मग जळगावात इंटरनेट आलं. कॉलेज रोडला, स्टेशनजवळ कॅफे उघडले. जे प्रमोदकडून उतरवायला दुपार जायची ते थेट मुळातूनच मिळायला लागलं. पुण्याच्या मित्राच्या सीडी येणं बंद झालं. प्रमोदनं ठेवलेलं सगळं जुनं होत गेलं. मी अक्कांना स्पष्ट सांगितलं, “आता यातलं कुणाच्या कामाचं नाही.”

“जुनं मशीन असलेला असेल कुणी,” त्या म्हणाल्या. “असला तर त्यानं कुठं जायचं?”

असा कुणीतरी कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं येई. दिवा लागे. अक्का हातातलं काम टाकून तिथं येऊन उभ्या राहत आणि तो विझेपर्यंत थांबत. मला तेव्हा वाटायचं की या बाईला पोराचं दुःख नाही, यंत्राचीच काळजी आहे. कॉलनीत तर लोक उघड बोलत. नवरा घर सोडून गेला तरी हिला फोन सुटत नाही, असं.

एकदा त्यांनी मला विचारलं, “सर, यात त्याचा आवाज असेल का कुठे?”

मी सांगितलं, “नाही अक्का. यात फक्त लिहिलेलं राहतं.”

“नाही, सहज विचारलं,” त्या म्हणाल्या. “आठवायला गेलं की दुसऱ्याच कुणाचा तरी येतो.”

नानांना अर्धांगाचा झटका आला तो पावसाळ्याच्या शेवटी. निरोप फोनवरच आला, आणि फोन लगेच लागला, कारण लाइन आता बहुतेक मोकळीच असे. मी कॉलेजवरून आलो तेव्हा खालच्या मजल्याला कुलूप होतं. किल्ली माझ्या दाराच्या कडीला अडकवलेली. आत गेलो. मशीन बंद होतं. मोडेमची वायर काढून, नीट गुंडाळून, दोऱ्यानं बांधून ठेवली होती. फोनवर रुमाल टाकलेला. पुढे त्यांनी फोन खात्याला परत केला. मीही वर्षभरात घर बदललं.

त्यानंतर मी अक्कांना एकदाच भेटलो. परीक्षेच्या कामासाठी भडगावला गेलो होतो. काम उरकल्यावर विचारत विचारत गिरणेकाठच्या त्यांच्या मळ्यात गेलो. उन्हं कलली होती. दोन खोल्यांचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात बाजेवर नाना. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. तोंड वाकडं. पण मला बघून डोळ्यांत ओळख आली. “सर,” म्हणाले, बऱ्यापैकी स्पष्ट.

मग म्हणाले, “परमोद उना का?”

प्रमोद आला का? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घरातून अक्कांचा आवाज आला, चुलीवरचं काम न थांबवता.

“भुसावळले गयेल शे. येईच आते.”

नानांनी मान हलवली. समाधान झालं असावं. माझ्याकडे बघून हसले, अर्ध्या तोंडानं.

अक्का चहा घेऊन आल्या. बारीक झाल्या होत्या. दोन्ही कान पदराखाली होते. मला चहा दिला, नानांना बशीतून पाजला, तोंड पुसलं. मी निघालो तेव्हा बांधापर्यंत आल्या.

“मधलं सगळं गेलं त्यांच्या डोक्यातून,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीला मी खरं सांगायचे. वारला म्हणून. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचे. जेवायचे नाहीत. थोड्या वेळानं विसरायचे आणि परत विचारायचे. परत सांगायचं. एका दिवसात मी त्यांना किती वेळा ते दुःख द्यायचं, सर? सोडलं मग.”

मी म्हणालो, “तुम्हाला त्रास होत असेल.”

“मला काय,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर राग होता, तोही विसरलेत.”

मागून नानांनी काहीतरी हाक मारली. अक्का वळल्या. मी रस्त्याला लागलो. वळणावर बाभळीपाशी मागे बघितलं तर अक्का बाजेचं एक टोक उचलून ती फिरवत होत्या, थोडी थोडी, नानांना धक्का लागू नये म्हणून थांबत. बाजेचं तोंड रस्त्याकडे झालं. नाना डावा हात कपाळाशी नेऊन रस्त्याकडे बघू लागले. अक्का त्यांच्या पायाशी बसल्या आणि पायाला तेल चोळायला लागल्या. रस्त्याकडे त्यांची पाठ होती.